तिथीवरून भरतीचा आलेख काढण्याची कृती

वसई परिसरातल्या नायगाव, पाचूबंदर, अर्नाळा या बंदरांवर भरतीची वेळ काढायची तर आधी तिथी पाहतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते: द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून रात्रीचे दीड आणि दुपारचे साधारण दीड दोन्ही त्यात आले. कोकण किनाऱ्यावरच्या दर्यावर्दींचा हा जुना आडाखा. साइन-कोसाइनचे आलेख शिकणाऱ्या मुलांना तो सूत्रांच्या आधी सांगावा, असे माझे ठाम मत आहे. अकरावीत मुले जिथे सर्वाधिक अडखळतात ती गोष्ट म्हणजे आलेख आडव्या दिशेने सरकवणे, आणि हा आडाखा नेमके तेच काम करतो. तिथी बदलली की पाण्याची तीच रेघ कागदावर उजवीकडे सरकते.

बहुतेक जण असा आलेख काढताना आधी किमतींचा तक्ता करतात. शून्य अंश, तीस अंश, पंचेचाळीस अंश असे दहा-बारा कोन घेतात, कॅल्क्युलेटर दाबतात, बिंदू टाकतात आणि जोडतात. उत्तर येते, पण सूत्रातल्या कोणत्या संख्येने काय केले हे कळत नाही, आणि एखादा बिंदू चुकला तर ते लक्षातही येत नाही. येथे दिलेली पद्धत उलटी आहे. आधी चौकट आखायची: मधली रेषा, वरची हद्द, खालची हद्द, एका फेऱ्याची रुंदी. मग त्या चौकटीत पाच बिंदू टाकायचे. रेघ सर्वांत शेवटी. चौकट बरोबर असेल तर रेघेला चुकायला जागाच उरत नाही.

साहित्य

मिलिमीटरचे बारीक चौकोन असलेला आलेख कागद, पट्टी, टोकदार पेन्सिल, दोन रंगांची पेने आणि तिथी छापलेले कॅलेंडर. कॅल्क्युलेटर हवा तो फक्त शेवटच्या पडताळणीला. तो अंशांवर लावलेला आहे की रेडियनवर, हे आधी पाहून घ्या.

कागद आडवा धरा. आडव्या अक्षावर एक सेंटिमीटर म्हणजे एक तास, मध्यरात्रीपासून पुढची मध्यरात्र होईपर्यंत २४ सेंटिमीटर. म्हणजे एक बारीक घर सहा मिनिटांचे. उभ्या अक्षावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक मीटर पाणी, शून्यापासून पाच मीटरपर्यंत. वेळेला ‘व’ म्हणू, पाण्याच्या उंचीला ‘उं’. काढायचे सूत्र असे:

उं = म + आ × कोसाइन [ग × (व − स)]

यात म म्हणजे मध्यपातळी, आ म्हणजे आयाम, ग म्हणजे तासाला किती अंश ती गती, आणि स म्हणजे सरक. चार अक्षरे, चार प्रश्न. पाणी कोणत्या पातळीभोवती हलते? तिच्यापासून किती वर-खाली जाते? किती वेळाने पुन्हा तीच स्थिती येते? आणि पूर्ण भरती केव्हा? याच क्रमाने उत्तरे शोधायची.

साइनऐवजी कोसाइन घेण्याचे कारण साधे आहे. कोसाइनचा आलेख शिखरापासून सुरू होतो, आणि बंदरावर वेळ मोजतात तीही पूर्ण भरतीपासून.

पायरी १: मधली रेषा

मुंबईच्या अपोलो बंदराच्या सरासरी पातळ्या प्रसिद्ध आहेत. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या, दिवसांत भरती सरासरी ४.४२ मीटरपर्यंत चढते आणि ओहोटी ०.७६ मीटरपर्यंत उतरते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या मंद पाण्याच्या, दिवसांत भरती ३.३० मीटर आणि ओहोटी १.८६ मीटर. वसईच्या किनाऱ्यासाठी सरावाला हेच आकडे घेऊ. खाडीत आत, नायगाव आणि पाणजू बेटाकडे जाल तशी वेळ आणि उंची थोडी बदलते, पण आलेखाची घडण तीच राहते.

या मोजमापातले शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी नव्हे. नेहमीची ओहोटी जिच्याखाली सहसा उतरत नाही अशी खालची पातळी शून्य धरलेली असते. म्हणून आपला आलेख शून्याच्या वर राहील, आणि म्हणूनच ‘म’ची गरज पडते.

उधाणाची भरती आणि ओहोटी यांची बेरीज करून निम्मी करा: ४.४२ आणि ०.७६ मिळून ५.१८, निम्मे २.५९. भांगाची करा: ३.३० आणि १.८६ मिळून ५.१६, निम्मे २.५८. उधाण आणि भांग यांत पाण्याची हालचाल इतकी वेगळी, तरी मधली पातळी जवळजवळ तीच. २.६ मीटरवर एक फिकी आडवी रेघ मारा. पुढचे सगळे काम या रेघेला धरून करायचे आहे, मूळच्या आडव्या अक्षाला धरून नव्हे.

पायरी २: वरची आणि खालची हद्द

आयाम म्हणजे मधल्या रेषेपासून शिखरापर्यंतचे अंतर. उधाणाला ४.४ वजा २.६, म्हणजे १.८ मीटर. येथे एक चूक फार होते. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या शिखरापर्यंतचे सगळे ३.६ मीटर आयाम म्हणून लिहिले जातात. तसे केले तर सूत्र म्हणेल की पाणी २.६ अधिक ३.६, म्हणजे ६.२ मीटरवर चढले, आणि ओहोटीला शून्याच्या एक मीटर खाली गेले. मधली रेषा आधी आखलेली असेल तर हे डोळ्यांना लगेच खटकते.

४.४ वर एक आणि ०.८ वर एक अशा दोन तुटक रेघा मारा. उधाणाच्या दिवशीची आपली रेघ या दोन तुटक रेघांना टेकेल, त्यांना ओलांडणार नाही.

पायरी ३: एका फेऱ्याची रुंदी

एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सरासरी १२ तास २५ मिनिटे जातात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच वेळी चंद्रही पुढे सरकलेला असतो. तो पुन्हा डोक्यावर यायला २४ तास ५० मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात दोन भरत्या होतात. दशांशात लिहायचे तर १२.४२ तास.

कोसाइनचा एक फेरा ३६० अंशांचा. ते १२.४२ तासांत पुरे व्हायचे, म्हणून तासाला ३६० भागिले १२.४२, म्हणजे जवळपास २९ अंश. हाच ‘ग’. रेडियनमध्ये तो तासाला सुमारे ०.५०६, म्हणजे जेमतेम अर्धा रेडियन.

सूत्रात दिसते ती संख्या २९ आणि कागदावर मोजायची रुंदी १२.४२. दोन्ही एक नव्हेत, आणि त्यांचे नाते उलटे आहे: आतली संख्या वाढली की फेरा आखडतो. सूत्रात कंसात वेळेला गुणणारी संख्या दिसली की आधी ३६०ला तिने भागा आणि आलेली रुंदी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आता तिचे चार समान भाग करा. प्रत्येक भाग ३.१ तास, म्हणजे तीन तास सहा मिनिटे, कागदावर ३१ बारीक घरे. हा पाव फेरा पुढे सतत लागणार आहे.

पायरी ४: सरक

समजा आज द्वितीया आहे, म्हणजे उधाणाचाच दिवस. दोनाची पाऊणपट दीड, म्हणून पूर्ण भरती रात्री दीडला. स = १.५. सूत्र पुरे झाले:

उं = २.६ + १.८ × कोसाइन [२९° × (व − १.५)]

भरती मध्यरात्रीनंतर दीड तास उशिरा आली, मग सूत्रात अधिक दीड का नाही? वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवे. ‘आत वजा असेल तर उजवीकडे’ असे पाठ करून घेणे म्हणजे उत्तर नव्हे. कोसाइन शिखरावर असतो तो कंसाची किंमत शून्य असताना. कंस शून्य केव्हा होतो? व दीड झाला की. झाले. कंसात अधिक दीड लिहिले असते तर तो उणे दीडला शून्य झाला असता, म्हणजे भरती आदल्या रात्री साडेदहालाच होऊन गेली असती. सूत्र कसेही लिहिलेले असो, कंस कोणत्या वेळी शून्य होतो एवढेच विचारा. या कोसाइनच्या सूत्रात ती वेळ म्हणजे शिखर. डावे-उजवे पाठ करायची गरज राहत नाही.

सगळ्यात जास्त गुण जातात ते कंस फोडल्यावर. वरचे सूत्र फोडून लिहिले तर आत येते २९° × व − ४३.५°. आता ४३.५ ही सरक समजून कोणी साडेत्रेचाळीस तास मोजू लागला तर भरती दोन दिवस पुढे गेली. ४३.५ हे अंश आहेत, तास नव्हेत. त्यांना तासाला २९ अंश या गतीने भागा, दीड तास परत मिळतो. सूत्र फोडलेले दिसले तर आलेख काढण्याआधी ‘ग’ बाहेर काढायचा, मगच सरक वाचायची. या पायरीत घाई करू नका.

आडाख्याबद्दल थोडे. अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ घड्याळाच्या बारा तासांचा एक पूर्ण फेरा घेते. बारा तासांचे पंधरा भाग केले तर एका तिथीला ४८ मिनिटे येतात. आडाखा ४५ धरतो. तिथीमागे तीन मिनिटे राहून जातात आणि पंधरा तिथ्यांत ती पाऊण तासाची होतात. म्हणून पौर्णिमेला आडाखा सव्वाअकरा सांगतो आणि लगेच पुढच्या प्रतिपदेला पाऊण. मध्ये एकदम दीड तासाची उडी पडते. साचलेली तूट तिथे भरून निघते. पाऊणऐवजी चार-पंचमांश घेतले तर उडी राहत नाही: पंधराचे चार-पंचमांश बरोबर बारा. पण होडीत उभे राहून तोंडी हिशेब करायला पाऊणपटच सोपी, आणि पाव-अर्ध्या तासाचा फरक वारा आणि खाडीचा आकार यांनीही पडतो. आडाखा टिकला तो यामुळेच.

तो या किनाऱ्यापुरताच आहे, हेही मुलांना सांगा. मुंबईच्या आसपास अमावस्या-पौर्णिमेची भरती बाराच्या सुमारास येते, म्हणून शून्य तिथीला शून्य तास हे जुळते. दुसऱ्या किनाऱ्यावर ही वेळ वेगळी असते. तिथे पाऊणपटीत एक ठरावीक संख्या मिळवावी लागेल, म्हणजे पुन्हा एक सरकच.

पायरी ५: पाच बिंदू

दीडला ४.४ मीटरवर पहिला बिंदू टाका. तिथून पाव फेरा, पाव फेरा असे पुढे जा. ४ वाजून ३६ मिनिटांनी पाणी उतरताना मधल्या रेषेवर, २.६ मीटर. ७ वाजून ४३ मिनिटांनी तळ, ०.८ मीटर. १० वाजून ४९ मिनिटांनी चढताना पुन्हा मधली रेषा. दुपारी १ वाजून ५५ मिनिटांनी दुसरे शिखर. शिखर, मध्य, तळ, मध्य, शिखर. दुपारनंतरचे बिंदू असेच पुढे टाका. मध्यरात्र ते दीड एवढा तुकडा मागे पाव फेरा मोजून भरा. आदल्या रात्री १० वाजून २४ मिनिटांनी पाणी चढताना मध्यावर होते, तो बिंदू कागदाबाहेर पडतो, पण रेघेचा कल त्यावरून ठरतो.

पायरी ६: रेघ

बिंदू पट्टीने जोडू नका. शिखराजवळ आणि तळाजवळ रेघ गोल आणि संथ, मधली रेषा ओलांडताना सर्वांत तिरकी आणि जवळपास सरळ. शिखरावर टोक आले किंवा मधल्या रेषेवर पायरी पडली तर रेघ पुसून पुन्हा काढा.

पडताळणीला दर्यावर्दींचा आणखी एक नियम कामी येतो. पाण्याच्या एकूण चढ-उताराचे बारा भाग करा. भरती उतरू लागली की पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. आपल्या ३.६ मीटरचा बारावा भाग ०.३ मीटर, म्हणून उतार असा हवा: ०.३, ०.६, ०.९, ०.९, ०.६, ०.३. सूत्रातून काढला तर तो येतो: ०.२३, ०.६२, ०.८६, ०.८८, ०.६९, ०.३२. ज्यांनी हा नियम बांधला त्यांना कोसाइनची आकृती बऱ्याच अंशी सापडली होती. तुमच्या रेघेवर तासातासाचे उतार मोजून पाहा. ते या मापांच्या जवळ असतील तर आलेख बरोबर.

पायरी ७: त्याच कागदावर भांग

दुसऱ्या रंगाने दशमीचा आलेख काढा. भांगाचे पाणी अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मंद होते, म्हणून दशमी. दहाची पाऊणपट साडेसात, स = ७.५. आयाम ३.३ वजा २.६, म्हणजे ०.७. मध्यपातळी आणि गती तीच.

उं = २.६ + ०.७ × कोसाइन [२९° × (व − ७.५)]

बिंदू: साडेसातला ३.३, १० वाजून ३६ मिनिटांनी २.६, १ वाजून ४३ मिनिटांनी १.९, ४ वाजून ४९ मिनिटांनी २.६, ७ वाजून ५५ मिनिटांनी पुन्हा ३.३. सकाळच्या साडेसातपासून मागेही मोजा, म्हणजे पहाटेचा भाग भरेल.

दोन्ही रेघा एका कागदावर आल्या की सूत्रातल्या कोणत्या संख्या बदलल्या आणि कोणत्या तशाच राहिल्या हे वेगळे सांगावे लागत नाही. मधली रेषा एक, फेऱ्याची रुंदी एक. उंची घटली आणि रेघ सरकली. आयाम आणि सरक एकमेकांना त्रास न देता आपापले काम करतात, हे कळण्यासाठी मला यापेक्षा चांगला कागद माहीत नाही.

आलेख वाचणे

काढलेला आलेख नुसता वहीत ठेवायचा नाही, त्याला प्रश्न विचारायचे. समजा एखाद्या बंदरावर होडी मोकळी व्हायला ३.५ मीटर पाणी लागते. ३.५ वर आडवी रेघ मारा. उधाणाची रेघ तिला कुठे छेदते? हिशेबाने, १.८ × कोसाइन बरोबर ०.९, म्हणजे कोसाइन अर्धा, म्हणजे कोन ६० अंश. २९ने भागले की सुमारे २ तास ४ मिनिटे. पूर्ण भरतीच्या अलीकडे तेवढा वेळ आणि पलीकडे तेवढा, म्हणजे आदल्या रात्री ११ वाजून २६ मिनिटांपासून पहाटे ३ वाजून ३४ मिनिटांपर्यंत होडी हलू शकते. दुपारच्या भरतीलाही तसेच. दशमीची रेघ मात्र ३.५ला शिवतच नाही. समीकरणाच्या भाषेत, तिथे ०.९ भागिले ०.७ हे एकापेक्षा मोठे येते आणि कोसाइन एकापलीकडे जात नाही. ‘उत्तर नाही’ याचा अर्थ त्या दिवशी होडी चिखलात बसून राहील.

हाच प्रश्न पावसाळ्यात उलटा विचारायचा असतो. वसई-विरारचे नाले खाडीत उतरतात ते खाडीची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा खाली असेपर्यंतच. तोंड ३.५ मीटरवर आहे असे धरले तर उधाणाच्या दिवशी प्रत्येक फेऱ्यातला एक तृतीयांश वेळ, ३६०मधले १२० अंश, निचरा बंद. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल थांबल्या आणि वसईच्या मिठागरांतली माणसे पाण्याने वेढली गेली. अतिवृष्टीच्या दिवशी भरतीची वेळ बातम्यांत पुन्हा पुन्हा का सांगतात, हे या वस्तीतल्या मुलांना एका आडव्या रेघेने समजावता येते. आपल्या नाल्याच्या तोंडाची खरी पातळी मोजलेली असेल तर ३.५च्या जागी ती घ्यावी.

रेघेचा तिरकसपणाही वाचायचा. खाडीच्या तोंडाशी आणि अर्नाळ्याच्या समुद्रात डोल लावतात. हे शंकूच्या आकाराचे जाळे जागेवर बांधलेले असते आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील, जवळा त्यात लोटतो. पाणी जितक्या वेगाने चढते-उतरते तितका प्रवाह जोरात, हे ढोबळमानाने खरे आहे. उधाणाला मधली रेषा ओलांडताना पाणी तासाला जवळपास ०.९ मीटर बदलते, कारण १.८ला ०.५०६ने गुणले की तेवढे येते. भांगाला ०.३५ मीटर. अडीचपटीहून अधिक फरक. डोलीची मासेमारी उधाणाच्या दिवसांत का बहरते ते येथे दिसते. शिखराजवळ आणि तळाजवळ रेघ आडवी होते, पाणी थबकते, आणि जाळे उचलायला सोपी वेळ तीच. पुढे विकलन शिकाल तेव्हा साइन आणि कोसाइन पाव फेऱ्याने का वेगळे असतात याचे उत्तर याच ठिकाणी आहे: पाणी सर्वांत उंच असते तेव्हा प्रवाह शून्य असतो.

एकाच रेघेची अनेक सूत्रे

तुमचे सूत्र आणि मैत्रिणीचे सूत्र वेगळे आले तर लगेच कोणाला चूक ठरवू नका. द्वितीयेची वरची रेघ तळापासून मोजली तर २.६ − १.८ × कोसाइन [२९° × (व − ७.७)]. चढत्या मध्यापासून मोजली तर २.६ + १.८ × साइन [२९° × (व + १.६)]. तिन्ही एकच. वजा चिन्हाने रेघ मधल्या रेषेभोवती उलटी केली, आणि सुरुवातीची जागा अर्ध्या फेऱ्याने हलवून ती पुन्हा सुलटी झाली. पडताळायला व = १.५ तिन्हींत घाला, जवळपास ४.४ यायला हवे.

परीक्षेतले रूप कोरडे असते, पण कृती तीच. य = १ + ३ साइन (२क्ष − ६०°) घ्या. मधली रेषा १. हद्दी ४ आणि उणे २. फेरा ३६० भागिले २, म्हणजे १८०°, पाव फेरा ४५°. कंस शून्य होतो क्ष = ३०° ला; साइन असल्यामुळे हे शिखर नाही, चढता मध्य आहे. म्हणून बिंदू: ३०° ला १, ७५° ला ४, १२०° ला १, १६५° ला उणे २, २१०° ला १. अर्ध्या मिनिटात चौकट, मिनिटभरात आलेख. टॅनला मात्र वरची-खालची हद्द नसते, फेरा १८० अंशांचा असतो आणि हद्दींच्या जागी उभ्या तुटक रेघा आखायच्या असतात, ज्यांना आलेख कधीच शिवत नाही. टॅन २क्ष असेल तर फेरा ९०° आणि त्या रेघा उणे ४५° व ४५° वर.

उधाण आणि भांग एकाच सूत्रात

आपण दोन दिवसांना दोन आयाम दिले. पण समुद्र दर पंधरवड्याला आयाम बदलतो तो का? पाण्यावर चंद्राची ओढ १२.४२ तासांच्या फेऱ्याने चालते आणि सूर्याची बरोबर १२ तासांच्या. दोघांचे आयाम मिळून १.८ आणि वजा होऊन ०.७. हे दोन आकडे घेऊन शाळेतले साधे समीकरण सोडवा: चंद्राचे १.२५ मीटर, सूर्याचे ०.५५. उधाणाला दोन्ही शिखरे एकत्र येतात. मग चंद्राचे शिखर रोज मागे पडत जाते, आणि सुमारे ७.४ दिवसांनी ते सूर्याच्या तळावर येते. तो भांग. १४.८ दिवसांनी पुन्हा उधाण, म्हणजे जवळपास एक पक्ष.

नवा कागद घ्या, एक सेंटिमीटर म्हणजे एक दिवस. सगळ्या भरत्या काढायच्या नाहीत. फक्त आयाम कसा बदलतो ते दाखवा. उधाणाला १.८, ३.७ दिवसांनी दोन ओढींत पाव फेऱ्याचा फरक पडलेला असतो तेव्हा पायथागोरसच्या रीतीने १.३७, ७.४ला ०.७, ११.१ला पुन्हा १.३७, १४.८ला १.८. हे अंतर २.६च्या वर एकदा आणि खाली एकदा घ्या आणि दोन वळणदार रेघा काढा. पंधरवड्यातल्या सगळ्या भरत्या-ओहोट्या या दोन रेघांच्या मध्ये बसतात.

खरा समुद्र दोन कोसाइनांवर थांबत नाही. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्यांची उंची सारखी नसते, कारण दिवसाला एकच फेरा घेणारे घटकही त्यात असतात. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७०च्या दशकात अशा अनेक कोसाइनांची चाके आणि कप्प्यांनी बेरीज करणारे यंत्र बनवले. भारतातल्या बंदरांसाठी तसे यंत्र एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली लंडनमध्ये १८७९ साली तयार झाले. आज भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीचे तक्ते प्रसिद्ध करतो. पाण्यात उतरायचे असेल तेव्हा भरवसा त्या तक्त्यांवर आणि बंदरावरच्या जाणत्या माणसांवर ठेवावा, वहीतल्या आलेखावर नव्हे. पण तक्ता मिळाला की त्यातला एक दिवस निवडून आपली रेघ त्यावर ठेवून पाहा. फरक कुठे आणि किती पडला हे शोधण्यात एक संपूर्ण तास आनंदात जातो.

स्वतः करायला एक

पंचांगातले दिनमान घ्या. वसईच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. मधली रेषा १२ तास ८ मिनिटे, आयाम १ तास ८ मिनिटे, फेरा ३६५ दिवस, पाव फेरा ९१ दिवस. २१ मार्च हा वर्षाचा ८०वा दिवस; तिथे रेघ चढताना मध्यावर असते, म्हणून साइन घ्या आणि सरक ८० ठेवा. पाच बिंदू टाकून झाल्यावर पंचांगाशी ताडून पाहा. सप्टेंबरातला मध्य तुमच्या आलेखावर १९-२० तारखेला येईल, आणि दिवस-रात्र समान होण्याचा खरा दिवस २२-२३ सप्टेंबरला असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे मार्च ते सप्टेंबर हा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यापेक्षा काही दिवसांनी लांब आहे. कोणतीही एक सरक घेऊन मार्च आणि सप्टेंबर दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत. सरक ८०ऐवजी ८१ किंवा ८२ करून पाहा आणि कोणत्या महिन्यांत आलेख सुधारतो, कोणत्या महिन्यांत बिघडतो, ते वेगळ्या रंगाने दाखवा.